पारा आणि पाणी

बदलीची नोकरी करणाऱ्या माणसाने काय पाळू नये, याविषयी आमची मते फार पूर्वीपासून ठाम आहेत. कुत्रा पाळू नये. कारण तो माणसाला धरून राहतो, आणि माणूस हुकुमाला धरून राहतो. मांजर पाळू नये. ते वास्तूला धरून राहते, आणि आमची वास्तू दर तीन वर्षांनी बदलते. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे तर कायद्यालाच मान्य नाही. कुंड्यांत झाडे लावावीत, परंतु निरोपसमारंभाच्या आधीच ती शेजाऱ्यांना वाटून टाकावीत. ही तत्त्वे आम्ही सव्वीस वर्षे कसोशीने पाळली, आणि ती पाळता पाळता दुसरे काही पाळावयाचे राहूनच गेले.

अशा या घरात मागच्या दिवाळीत एक प्राणी येऊन राहिला. पुण्याची आमची भाची पुढील शिक्षणासाठी सहा-सात महिने जर्मनीस जाणार होती. भाऊबीजेसाठी बहीण आणि भाची अशा दोघी आझाद हिंद एक्सप्रेसने रायपुरास उतरल्या, तेव्हा भाचीच्या हातांत थर्माकोलची एक पेटी होती. ओवाळणीत काय घालावे या विवंचनेत आम्ही होतो. ओवाळणी उलट आमच्याच पदरात पडली. पेटीत बर्फाच्या दोन बाटल्या, त्यांच्यामध्ये पाण्याने अर्धी भरलेली पिशवी, आणि पिशवीत वीतभर लांबीचा एक गुलाबी-पांढरा जीव. “मामा, फक्त उन्हाळ्यापर्यंत,” भाची म्हणाली. ‘उन्हाळा’ या शब्दाचा पुण्यातला अर्थ आणि रायपुरातला अर्थ यांत किती अंतर आहे, हे तिला ठाऊक नव्हते. आम्हांला ठाऊक होते. पण सणाचा दिवस होता, आम्ही गप्प राहिलो.

ॲक्सोलॉटल हे नाव आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले. गल्लीतल्या पोरांनी मात्र पेटीत डोकावताच “अरे, ये तो ॲक्सोलॉटल है!” असा एकच गलका केला. माइनक्राफ्ट नावाच्या संगणकीय खेळात २०२१ साली या प्राण्याचा प्रवेश झाला, आणि तेव्हापासून जगभरची मुले त्याला ओळखतात, असे मागाहून कळले. वडील माणसांना जे ज्ञान नसते ते पोरांना असते, आणि ते कोठून आले हे विचारण्याची सोय नसते. आमच्या घरमालकीण आजींनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, बराच वेळ निरखले, आणि निर्णय दिला, “मासा नव्हे हा. माशाला कुठे हात असतात? आणि बाबू, हा तर हसून राहिला आहे!”

आजींच्या या वाक्यात ॲक्सोलॉटलच्या मोहिनीचे निम्मे मर्म आले आहे. तो हसत नसतो. त्याच्या जिवणीची ठेवणच तशी. रुंद, चपटे डोके, पापण्या नसलेले बारीक डोळे, चार बोटांचे दोन इवले हात, पाच बोटांचे दोन पाय, आणि मानेच्या दोहों बाजूंस तीन-तीन लाल पिसांसारखे कल्ले. ते कल्ले पाण्यात हळूच डोलतात, तेव्हा एखाद्या बालगणेशाच्या मूर्तीमागे कोणी मोरपिसे खोचली आहेत असे वाटते. तो पोहतो कमी, चालतो अधिक. आणि चालण्यापेक्षाही अधिक वेळ काहीच करीत नाही. कार्यालयात दिवसभर ‘तातडीचे’ असे शिक्के पाहून आलेल्या माणसाला, काहीही तातडीचे नसलेला हा जीव पाहून किती विसावा मिळतो, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

आम्ही राहतो तो ब्राह्मणपारा ही रायपूरची जुनी वस्ती. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. नवा मराठी माणूस मात्र हा शब्द ऐकतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे उष्णतामापकातला पारा उभा राहतो. पहिल्या उन्हाळ्यात तर ब्राह्मणपारा, कंकालीपारा, तात्यापारा, बूढापारा ही सारी नावे म्हणजे एकाच काचेच्या नळीवरील चढत्या खुणा असाव्यात अशी आमची खात्री झाली होती. येथे मे महिन्यात ४२ अंश हे नित्याचे. काही दिवस तो आकडा ४५ पर्यंतही जातो. आणि ॲक्सोलॉटलला मानवते ते पाणी १६ ते १८ अंशांचे! विशी ओलांडली की तो अस्वस्थ होऊ लागतो, आणि चोविशीच्या पुढे त्याच्या जिवाला धोका असतो. भाचीने काचेच्या पेटीला एक छोटासा आकडेदर्शक उष्णतामापक चिकटवून दिला होता. त्यात पारा नव्हता. परंतु ब्राह्मणपाऱ्यात राहून आम्ही पाऱ्याकडे खऱ्या अर्थाने पाहावयास शिकलो ते त्यानंतरच.

या वस्तीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तेथून छत्तीसगढचा कारभार पाहिला. आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत या मुलखावर भोसल्यांचा अंमल राहिला. त्या अमलाबरोबर कोणी कारकून म्हणून आले, कोणी पुजारी म्हणून. पुढे इंग्रजी अमदानीत कोणी वकील, कोणी शिक्षक म्हणून आले. राज्य गेले, पण त्यांतली कित्येक कुटुंबे येथेच राहिली. आमच्या घरमालकीण आजी अशाच एका घराण्यातल्या. त्यांनी महाराष्ट्र पाहिला तो आयुष्यात एकदा, पंढरपूरच्या यात्रेपुरता. त्यांची मराठी ऐकली की आमच्या सौभाग्यवती प्रथम प्रथम तोंडाला पदर लावीत. ‘मी जाऊन राहिली आहे’, ‘भात बनला’, ‘नींद येत नाही’ अशी ती मराठी. आमच्या मुलांना आम्ही परक्या मुलखात कटाक्षाने शुद्ध मराठी शिकविली, याचा आम्हांला तोवर अभिमान होता.

असो. आपण पाण्याकडे वळू.

आमच्याबरोबर भाचीने कागदपत्रांची एक धारिकाही ठेवली होती. हा प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली सुधारणा होऊन अशा परदेशी प्राण्यांचाही त्यात समावेश झाला. आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे ते बाळगणाऱ्याने नोंदणी करावी लागते. ज्या प्राण्याच्या आगमनाबरोबर अधिनियम, परिशिष्ट आणि नोंदणी येते, तो प्राणी सरकारी नोकराला परका वाटेल कसा? आम्ही धारिकेवर क्रमांक घातला आणि मगच त्या जिवाकडे आपुलकीने पाहिले.

त्याची हकीकत वाचू लागलो, तेव्हा ती आपुलकी वाढत गेली. मेक्सिको शहराच्या दक्षिणेस सोचिमिल्को नावाची सरोवरे होती. आज त्यांचे कालवे तेवढे उरले आहेत. जगात हा प्राणी मूळचा त्या सरोवरांतलाच. तेथील जुन्या नहुआत्ल भाषेत ‘आत्ल’ म्हणजे पाणी, आणि शोलोत्ल हे एका देवाचे नाव. कथा अशी की, सूर्याला गती यावी म्हणून सर्व देवांनी आत्मबलिदान करावयाचे ठरले, तेव्हा शोलोत्ल मरण चुकवून पळाला. त्याने मक्याचे रूप घेतले, मग घायपाताचे घेतले, आणि शेवटी पाण्यात शिरून तो ॲक्सोलॉटल झाला. तेथे तो सापडला आणि मारला गेला. आमच्याकडे देव इतरांना तारण्यासाठी मत्स्य आणि कूर्म होतात. तिकडे एक देव भिऊन तसा झाला. या भित्र्या देवाबद्दल आम्हांला वाटणारी सहानुभूती आम्ही लपवीत नाही.

आणि गंमत अशी की, ज्याने इतकी रूपे बदलली त्याच्या नावाचा प्राणी रूप न बदलण्याबद्दलच प्रसिद्ध आहे. बेडूकमाशाचा बेडूक होतो, कल्ले गळतात, फुप्फुसे येतात, आणि तो जमिनीवर उडी घेतो. ॲक्सोलॉटलचे भाईबंद असलेले सॅलॅमँडरही बहुधा असेच मोठे होतात. हा मात्र कल्ल्यांसकट, पाण्यातच, बाळरूपातच वयात येतो आणि पोराबाळांचा धनीही होतो. १८६४ साली मेक्सिकोतून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला गेले. त्यांतले सहा ओग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आले, आणि पुढच्या वर्षी त्यांना पिले झाली. त्या पिलांतल्या काहींचे कल्ले एके दिवशी गळाले आणि ती चक्क जमिनीवर चालू लागली, तेव्हा आपण आजवर पाळले ते बालकच होते, हे युरोपच्या ध्यानात आले. पुढे थायरॉइड ग्रंथीचे खाद्य देऊन हे रूपांतर मुद्दाम घडविता येते असे दिसून आले. ज्यूलियन हक्सली यांनी १९२० साली तो प्रयोग करून दाखविला. म्हणजे मोठे होण्याची शक्ती त्याच्या अंगी आहे. हुकूम तेवढा सुटत नाही. आमच्या परिचयाचे कित्येक लोक याच अवस्थेत निवृत्त झाले आहेत.

त्याची देखभाल हा एक धडाच होता. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते मुरवून, औषध घालून द्यावयाचे. पेटीच्या तळाशी खडे ठेवावयाचे नाहीत. तो घास घेताना तोंड उघडून पाण्यासकट सारे आत ओढतो, आणि खडाही गिळतो. म्हणून बारीक वाळू. पापण्या नाहीत, म्हणून प्रखर दिवा नको. सोबतीला मासे नकोत. ते त्याचे कल्ले कुरतडतात. वारंवार हाताळावयाचे नाही. त्याची त्वचा नाजूक. तात्पर्य, त्याच्यासाठी जे करावयाचे ते बहुतेक ‘न करावयाचे’ होते. कुत्र्यावर माया करणे सोपे. तो शेपूट हालवून पोच देतो. येथे पोच नाही. आपण पाणी बदलावे, आकडा पाहावा, आणि दूर उभे राहावे. ज्याला स्पर्श करता येत नाही आणि ज्याच्याकडून उत्तर येत नाही, अशा जिवाची काळजी घेण्यात एक निराळेच सुख आहे. दूरदेशी गेलेल्या मुलांच्या आईबापांना ते कदाचित चटकन समजेल.

खाण्याचा प्रश्न मात्र बिकट होता. गांडुळे! आमच्या सौभाग्यवती चातुर्मासात कांदाही घरात येऊ देत नाहीत. आम्ही भीत भीत खतासाठी वाढविलेल्या लाल गांडुळांची एक पिशवी आणली. पाहुण्याने एक तोंडात घेतले आणि दुसऱ्या क्षणी थुंकले. ती गांडुळे अंगातून कडवट रस सोडतात म्हणे. आजी पाहत होत्या. त्या काही न बोलता परसात गेल्या, आणि पारिजातकाखालची काळी ओली माती त्यांनी खुरप्याने उकरली. छत्तीसगढात त्या मातीला कन्हार म्हणतात. तिच्यातले गांडूळ आमच्या पाहुण्याने असे गट्ट केले की, पोरांनी टाळ्या पिटल्या. सौभाग्यवतींनी तोंड फिरविले, तशा आजी म्हणाल्या, “त्याचा धर्म त्याला, मामी. आपल्या पारण्याला तो येतो का म्हणायला?” त्या दिवसापासून एक दिवसाआड परसातली जबाबदारी आजींकडे गेली. सौभाग्यवती प्रथम दाराआडून पाहत, मग दारातून, आणि माघ महिन्यात एके दिवशी त्यांच्याच हातात चिमटा दिसला.

भाचीने सांगितलेली एक गोष्ट आम्ही आल्यागेल्याला सांगत असू. तो लहान असताना त्याच्याच एका भावंडाने त्याचा पुढचा पाय तोडून खाल्ला होता. काही आठवड्यांत तेथे एक अंकुर आला, अंकुराला बोटे फुटली, आणि पाय पूर्ववत झाला. केवळ पायच नव्हे. शेपूट, कण्यातील मज्जारज्जू, हृदयाचा आणि मेंदूचा काही भाग यांचीही तो भरपाई करतो. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत त्याला मोठे मोल आहे. त्याचा जनुकीय आराखडा २०१८ साली वाचला गेला, तेव्हा तो माणसाच्या सुमारे दहापट लांबीचा, ३,२०० कोटी अक्षरांचा निघाला. एवढी मोठी धारिका बाळगून जो मोठा होण्याचा अर्ज करीत नाही, त्याच्या वैराग्यापुढे आम्ही नम्र आहोत.

फाल्गुन सरला आणि आकडा हलू लागला. १८ चा १९ झाला, १९ चा २१. पेटी आम्ही मधल्या खोलीत हलविली. जुन्या घराच्या जाड भिंतींचा तेथे आसरा होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा वाहील असा छोटा पंखा लावला. येथली हवा उन्हाळ्यात कोरडी असते; वाऱ्याने पाण्याची वाफ झपाट्याने होते, आणि उरलेले पाणी दोन-तीन अंशांनी निवते. माठातले पाणी गार राहते ते याच न्यायाने. वैशाखात तेवढ्याने भागेना, तेव्हा खोलीस वातानुकूल यंत्र आले. शिवाय शीतपेटीत गोठविलेल्या पाण्याच्या बाटल्या आळीपाळीने पेटीत तरंगू लागल्या. शीतपेटीत आंब्याच्या रसाला जागा उरली नाही. वीजदेयक पाहून आम्ही एकदा म्हटलेही, “हा पाहुणा आपल्याला आपल्या वेतनश्रेणीपलीकडचा पडतो आहे.” कोणी हसले नाही.

खरा प्रश्न पैशाचा नव्हताच. रोज रात्री झोपण्यापूर्वी आम्ही त्या काचेपुढे उभे राहत असू, आणि मनात एक अप्रिय विचार येत असे. ज्याला १८ अंशांचे पाणी हवे त्याला ४४ अंशांच्या गावात यंत्रांच्या आधारे जगविणे, याला माया म्हणावे की हौस? त्याचे कल्ले पुढे वळले, शेपटीचे टोक आकड्यासारखे मुरडले, की समजावे तो त्रासात आहे, असे भाचीने लिहून दिले होते. तो ओरडू शकत नाही. आणि त्याची ती जिवणी! मरणप्राय त्रासातही ती हसतच दिसणार. आजवर जी आम्हांला मोहिनी वाटली तीच आता भय घालू लागली.

नवतपा लागला. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पहिले नऊ दिवस पृथ्वी तापते, अशी इकडे समजूत आहे, आणि २५ मेपासून लोक ते दिवस मोजतात. त्यांतल्या चौथ्या रात्री जोराचे अंधड आले. कोठे झाडे पडली, तारा तुटल्या, आणि नऊच्या सुमारास साऱ्या वस्तीतली वीज गेली. पहिला तासभर बाटल्यांनी निभावले. दहाला आकडा २१ होता, अकराला २३, साडेअकराला २४. शीतपेटीतल्या बाटल्या संपल्या. विजेरीच्या उजेडात पाहिले तो शेपटीचे टोक मुरडलेले होते, आणि दर दोन-तीन मिनिटांनी तो वर येऊन हवेचा घोट घेत होता.

तेव्हा आमच्याकडून जे झाले ते सांगावयास थोडा संकोच वाटतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत आम्ही पुरांत आणि टंचाईत कामे केली आहेत. त्या रात्री एका वीतभर प्राण्यापुढे आम्ही हातात विजेरी धरून नुसते उभे राहिलो. हालचाल केली ती गल्लीने. माइनक्राफ्टवाल्या पोरांपैकी एकाने आजींची हाक ऐकली, आणि पाहता पाहता दारोदार बातमी गेली. कोणी बर्फाचा साचा आणला, कोणी अर्धवट वितळलेली बाटली. कोपऱ्यावर बर्फाचे गोळे विकणाऱ्याचे घर मागल्या गल्लीत होते. त्याला उठवून पोरे भुशात गुंडाळलेली एक लादीच घेऊन आली. त्याने पैसे घेतले नाहीत. “मेहमान है न साहब,” एवढेच म्हणाला. बर्फ थेट पाण्यात टाकावयाचा नव्हता. एकाएकी गारठा आला तर तोही घातक. पिशव्यांत बांधून, एकेक करून, तासाला अंश-दीड अंश उतरेल असा तो सोडावयाचा होता. सौभाग्यवती आकडा वाचीत, आणि आम्ही पिशव्या बदलीत असू.

एकच्या सुमारास आजी वेताचा पंखा घेऊन पेटीशी बसल्या. “तुम्ही दोघे निजा, बाबू,” त्या म्हणाल्या, “मी विंझणा घालत बसते. मला तशीही नींद कुठे येते!”

विंझणा! हा शब्द आम्ही जुन्या पोथ्यांत वाचला होता. बोलताना तो कोणाच्या तोंडून ऐकल्याचे आम्हांस स्मरत नाही. पुण्यात नाही, नागपुरात नाही, आमच्या स्वतःच्या आजीच्या तोंडूनही नाही. आणि तो आला तो ‘नींद’ या शब्दाला खेटून, त्याच श्वासात. आम्ही काळोखात बसून राहिलो. आमच्या मुलांना आम्ही दिलेली निर्मळ मराठी आम्हांला आठवली. ती मुले आता आम्हांला इंग्रजीत संदेश पाठवितात. आम्ही भाषेला काचेत ठेवले होते. पाणी गाळून, खडे काढून, सोबतीला कोणी न ठेवता. आजींच्या घराण्याने ती या तळ्यांच्या गावात नुसती सोडून दिली. तिने कन्हार मातीतले जे मिळाले ते खाल्ले, आणि तरी तिचे कल्ले शाबूत राहिले.

वीज चारला आली. आकडा तेव्हा २२ होता. सकाळी नऊला १९ झाला, शेपटीचे टोक सरळ झाले, आणि दुपारी त्याने गांडूळ खाल्ले. ती वार्ता घेऊन पोरे गल्लीभर धावली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाची परत आली, आणि त्याला घेऊन गेली. आम्ही अडविले नाही. खरे सांगावयाचे तर आम्हीच पत्रे लिहून घाई केली होती. स्टेशनवरून परतताना सौभाग्यवतींनी विचारले, “आता आपला एक आणावा का? थंड गावी बदली झाली तर?” आम्ही नाही म्हटले. पाळीव प्राण्याची हौस पाळणाऱ्याच्या सोयीने ठरू नये, एवढे त्या रात्रीने शिकविले होते. उष्ण गावातल्या ज्या वाचकांच्या मुलांनी त्याचा हट्ट धरला असेल, त्यांना आमचे इतकेच सांगणे: वैशाखातली एक वीज गेलेली रात्र डोळ्यांपुढे आणा, तो दहा-पंधरा वर्षे जगतो हे ध्यानात घ्या, आणि मगच होय म्हणा.

त्याच्या मूळ गावची बातमी मात्र आम्ही अजून वाचीत असतो. सोचिमिल्कोच्या कालव्यांत १९९८ साली चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ साली ३६ उरले. शहराचे सांडपाणी पाण्यात आले, आणि लोकांच्या पोटासाठी म्हणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे अंडी-पिलांवर तुटून पडले. हाच तिलापिया १९५२ साली आपल्याकडेही आणला गेला, आणि आज आपल्याही तळ्यांत आहे. आज जगभरच्या काचपेट्यांत ॲक्सोलॉटल उदंड आहेत, मेक्सिकोच्या ५० पेसोंच्या नोटेवर २०२१ पासून त्याचे चित्र आहे. घरच्या पाण्यात मात्र तो शोधावा लागतो. परंतु २०२५ साली एक चांगली गोष्ट छापून आली. काचेत वाढलेले १८ ॲक्सोलॉटल तिकडच्या शास्त्रज्ञांनी मोकळ्या पाण्यात सोडले. ते तगले, आणि त्यांतले जे पुन्हा सापडले त्यांचे वजन वाढलेले होते. पिढ्यान्‌पिढ्या काचेत जगूनही शिकार कशी करावी हे ते विसरले नव्हते.

ती बातमी आम्ही आजींना वाचून दाखविली. त्या कंकाली तलावाकडून दर्शन घेऊन आल्या होत्या. ऐकून त्या म्हणाल्या, “विसरेल कसा? पाणी मिळालं की आठवतं.”

रिकामी काचपेटी अजून मधल्या खोलीत आहे. भाचीने ती नेली नाही, आणि आम्हीही कोणाला दिलेली नाही. बूढापाऱ्यात माधवराव सप्र्यांच्या नावाची शाळा आहे. मराठी घरात जन्मून ज्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले, ते हे सप्रे. संध्याकाळी त्या शाळेवरून परतताना आता आम्हांला ॲक्सोलॉटलची एक लकब हमखास आठवते. त्याला कल्ले असतात, तशी लहानशी फुप्फुसेही असतात. पाण्यात राहूनच तो अधूनमधून वर येतो, परक्या हवेचा एक घोट घेतो, आणि पुन्हा तळाशी जाऊन बसतो.

परवा आजींच्या सुनेने विचारले, आमची बदली केव्हा आहे. आम्ही म्हटले, “हुकूम यावयाचा आहे.” मग सवयीने मधल्या खोलीत गेलो, आणि रिकाम्या पेटीवरचा आकडा पाहिला. तो ३१ दाखवीत होता.